लाल सोने : डोळ्याच्या आत पाहण्याचा एक इतिहास

आमच्या सरांना प्रथम संशय आला तो छापखान्याचा. सन २००० च्या पावसाळ्यात त्यांच्या पाठचिकित्सेवरील ग्रंथाची मुद्रिते तपासून होत होती. आम्ही तेव्हा एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मुद्रितांची भेंडोळी छापखान्यातून सरांच्या घरी व घरून छापखान्यात पोचवणे हे आमचे स्वखुशीने पत्करलेले काम होते. एके दिवशी सरांनी लाल शाईने समासात लिहून पाठवले, "शिरोरेषा सरळ नाही. पाहावे." दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावरही तेच. छापखान्याच्या मालकांनी पान आडवे धरले, पट्टी लावून पाहिली. रेघ सुतासारखी सरळ होती. सरांना मात्र ती ओळीच्या मध्यावर, नजर जिथे टेकावी नेमकी तिथेच, खचलेली दिसत होती. भिंतीला ओल यावी आणि गिलावा पोटाशी फुगावा, तशी. चार दिवस त्यांनी छापखान्याशी हुज्जत घातली. मग एका रात्री त्यांनी सहज उजवा डोळा झाकला आणि शिरोरेषा अधिकच वाकली. डावा झाकला, तर ती सरळ झाली.

नेत्रतज्ज्ञांनी त्यांच्यापुढे चौकटीच्या वहीसारखा एक कागद धरला. मध्ये एक ठिपका आणि भोवती उभ्या-आडव्या रेघांची जाळी. सरांनी तो पाहून म्हटले, "अहो, हे मी गेले पंधरा दिवस देवनागरीत पाहतो आहे." पुढे दंडाच्या शिरेतून पिवळे औषध टोचून डोळ्याच्या पडद्याची छायाचित्रे काढण्यात आली. सरांचा चेहरा दिवसभर कावीळ झाल्यासारखा पिवळा होता. निदान झाले ते वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हासाचे, त्यातही 'ओल्या' प्रकाराचे. पडद्यामागच्या थरातून नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या आणि त्या पाझरत होत्या. ते पाझरणे पडद्याला खालून उचलत होते. शिरोरेषा खचली होती ती तेथे.

त्या वर्षी या दुखण्यावर जे उपाय होते ते तोकडे होते. लेझरने वाहिन्या जाळाव्यात, तर वरचा पडदाही जळे. प्रकाशाने उद्दीपित होणारे एक औषध नुकतेच आले होते, पण त्याने ऱ्हासाचा वेग फार तर मंदावे. वाहिन्यांची वाढ रोखणारी, डोळ्यात टोचायची औषधे २००५-०६ च्या सुमारास प्रचारात आली. तोवर सरांच्या एका डोळ्याचा मध्य गेला होता आणि दुसऱ्याचा जाऊ लागला होता. त्यांना खोली दिसे, दार दिसे, दारातून कोण आले हे चालण्यावरून कळे. पण ज्या शब्दाकडे पाहावे तो शब्द नाहीसा होई. आयुष्यभर ज्यांनी पोथ्यांतले पाठभेद जुळवले, त्यांना समास तेवढा शिल्लक राहिला.

साहित्यचर्चेच्या पानावर ही नेत्रचिकित्सा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमच्यापुरते उत्तर असे, की वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी वाचनाच्या इंद्रियाविषयी थोडी चौकशी केली तर ते गैर ठरू नये. चौकशीला निमित्त मिळाले ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचे. सरांच्या डोळ्यात ज्या प्रकारच्या वाहिन्या वाढल्या होत्या, तशाच वाहिन्या सशांच्या डोळ्यांत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या साहाय्याने उजेडात आणल्याचा वृत्तांत त्यात आहे. सोने आणि डोळा यांची ही गाठ कशी पडली हे शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या कथेचे दोन वेगळे प्रवाह आहेत आणि दोन्हींचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, एकमेकांपासून सहा-सात वर्षांच्या अंतरावर आहे.

पहिला प्रवाह डोळ्याचा. डोळ्याची बाहुली काळी का दिसते, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. आत प्रकाश जातो हे उघड आहे. पडदा त्यातला काही परतवतो हेही उघड आहे. मग तो परतलेला प्रकाश आपल्याला का दिसत नाही? उत्तर असे की डोळ्याची भिंगरचना प्रकाशाला आल्या वाटेनेच माघारी धाडते. दिवा जिथे असेल तिथेच तो परत जातो. पाहणाऱ्याने तो प्रकाश आपल्या डोळ्यात घ्यायचा, तर त्याला आपले डोके दिव्याच्या जागी न्यावे लागेल. आणि डोके तिथे नेले की दिवाच झाकला जातो. पाहणाराच पाहण्याच्या आड येतो. (हे वाक्य एखाद्या अध्यात्मपर निरूपणात शोभावे असे आहे खरे, पण येथे ते अक्षरशः प्रकाशशास्त्रातले आहे.)

ही कोंडी हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये फोडली. ते तेव्हा क्यॉनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. अध्यापक या नात्याने आम्हांला विशेष आवडलेली गोष्ट अशी, की हे उपकरण कोणा रुग्णासाठी घडले नाही, ते वर्गासाठी घडले. काही प्राण्यांचे डोळे अंधारात चमकतात त्यामागचे कारण त्यांचे स्नेही एर्न्स्ट ब्रुक यांनी उलगडले होते. ते विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे याचा विचार करताना हेल्महोल्ट्झ यांना प्रश्न पडला की परतणाऱ्या किरणांची प्रतिमा कुठे तयार होते. उत्तर सापडले आणि काचेच्या काही चकत्या तिरप्या बसवून त्यांनी उपकरण केले. दिवा बाजूला, काचेवरून परावर्तित होऊन प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात, आणि तीच काच पारदर्शक असल्यामुळे पाहणारा तिच्यातून सरळ आत पाहतो. डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनच्या भौतिकी परिषदेपुढे त्यांनी ही वार्ता ठेवली आणि १८५१ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडचे काही लागले नाही.

शाळेतले ज्ञान तर हजारोंना होते. त्याआधी १८४७ मध्ये चार्ल्स बॅबेज यांनी, म्हणजे गणनयंत्रामुळे प्रसिद्ध असलेल्या त्याच बॅबेज यांनी, लंडनमध्ये असेच एक साधन बनवून टॉमस व्हॉर्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञाला दाखवले होते. जोन्स यांना त्यातून काही उमगले नाही आणि साधन बाजूला पडले. साधन हाती असूनही पाहणाऱ्याला काय पाहायचे हे ठाऊक नसेल तर ते कसे वाया जाते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात अशी उदाहरणे शोधण्याचे काम वाचकांवर सोपवतो.

हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाने पडद्याचा पृष्ठभाग दिसू लागला. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न उघडता थेट पाहता येतील अशा शरीरातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. परंतु दिसणारी वाहिनी कोणती पाझरते, कोणती तुंबली आहे, हे नुसत्या पाहण्याने कळत नव्हते. त्यासाठी वाहत्या रक्तात रंग टाकावा लागला.

तो रंग आडोल्फ फॉन बेयर यांनी १८७१ मध्ये प्रयोगशाळेत घडवला होता. फ्लोरेसीन हे त्याचे नाव. निळा प्रकाश पडला की पोपटी हिरवा उजळणारा. त्याचा पहिला गाजलेला पराक्रम डोळ्यातला नाही, नदीतला आहे. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातल्या भेगांत शिरून गडप होते. ते जाते कुठे? ऑक्टोबर १८७७ मध्ये त्या भेगांत दहा किलो फ्लोरेसीन सोडण्यात आले आणि सुमारे अडीच दिवसांनी काही कोसांवरचा आख नदीचा झरा हिरवागार झाला. आखचे पाणी ऱ्हाइनला मिळते. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी भूगर्भातून चोरवाटेने उत्तर समुद्राकडे जात होते. आपल्याकडे लुप्त झालेल्या सरस्वतीची कल्पना केवढी तरी जुनी आहे. पण गुप्त प्रवाह पुन्हा कुठे प्रकटतो हे पाहण्यासाठी त्यात रंग ओतण्याची युक्ती ही त्या शतकाची.

पुढे पाचच वर्षांनी, १८८२ मध्ये, पाउल एर्लिख यांनी हाच रंग सशाला टोचला आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील द्रव कसा वाहतो ते पाहिले. ससा येथे प्रथम येतो; तो या कथेत अखेरपर्यंत आहे.

माणसाच्या पडद्याची फ्लोरेसीनने छायाचित्रे काढण्याचे श्रेय हॅरॉल्ड नोव्हॉट्नी आणि डेव्हिड आल्विस या दोन तरुणांना जाते. इंडियाना विद्यापीठात ते वैद्यकाचे शिक्षण घेत होते. कॅमेऱ्याच्या झगमगाटी दिव्यापुढे निळी काच, भिंगामागे हिरवट पिवळी काच, आणि दंडात फ्लोरेसीन. १९५९ च्या अखेरीस पहिली सुई आल्विस यांच्याच दंडात गेली. सेकंदा-सेकंदाने रोहिणी उजळतात, मग केशवाहिन्या, मग नीला. जिथे भिंत फुटकी, तिथे पोपटी डाग पसरतो. हे सारे टिपून त्यांनी नेत्रविज्ञानाच्या एका मान्यवर नियतकालिकाकडे निबंध धाडला. तो साभार परत आला. यात नवीन काही नाही, असा अभिप्राय होता. अखेर १९६१ मध्ये तो रक्ताभिसरणाला वाहिलेल्या 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापून आला. त्यानंतरची कित्येक दशके जगातल्या कोणत्याही मोठ्या नेत्रचिकित्सालयात पडद्याच्या विकाराचे निदान या निबंधाच्या पायावर होत आले. सरांच्या दंडात टोचले गेले ते हेच. परत आलेल्या हस्तलिखितांचा एखादा इतिहास मराठीत कोणी लिहिलाच, तर त्यात या निबंधाला जागा द्यावी.

फ्लोरेसीनची एक मर्यादा होती. तो पडद्यातल्या वाहिन्या उत्तम दाखवी, पण पडद्यामागच्या थरातील वाहिन्यांतून तो चटकन झिरपून जाई आणि सगळे धूसर करी. शिवाय त्या थरापुढे काळ्या रंगद्रव्याची एक चादर असते. इंडोसायनिन ग्रीन नावाच्या दुसऱ्या एका रंगाने सत्तरच्या दशकापासून ही उणीव काही अंशी भरून काढली. तरीही रंग तो रंगच. तो वाहिनी कुठे आहे ते सांगतो. ती जुनी, सोबतीने वाढलेली आहे की परवाच उगवलेली घुसखोर आहे, हे तो वाहिनीला विचारत नाही.

आता दुसरा प्रवाह.

आपण मराठी माणसे सोन्याला पिवळे म्हणतो. 'पिवळं' एवढेच म्हटले तरी सराफकट्ट्यावर अर्थ कळतो. 'सुवर्ण' या शब्दात तर चांगला वर्ण हाच मुळी सोन्याचा गुण मानला आहे, आणि वर्ण म्हणजे अक्षरही, म्हणून संस्कृत कवींनी या शब्दावर मनमुराद श्लेष केले. परंतु सोन्याचा पिवळेपणा हा त्याच्या राशीचा गुण आहे, कणाचा नव्हे. सोन्याचा कण मीटरच्या काही अब्जांशांइतका लहान झाला, की तो पिवळा राहत नाही. तो माणकासारखा लाल होतो.

हे माणसाच्या हातून घडले फार आधी, कळले फार उशिरा. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात चौथ्या शतकातील एक रोमन चषक आहे. त्यावर लायकर्गस राजा द्राक्षवेलीत जखडला गेल्याचे दृश्य कोरलेले आहे. समोरून उजेड पडला की चषक हिरवट दिसतो, आत दिवा ठेवला की रक्तासारखा लाल होतो. काचेत सोन्याचे आणि चांदीचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण विखुरलेले आहेत, हे १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाले. कारागिराने ते हेतुपुरस्सर केले असावे. कण आहेत हे त्याला ठाऊक असणे शक्य नाही. सतराव्या शतकात जर्मन काचकारांनी सोन्याने लाल काच करण्याची रीत बसवली, तीही अशीच हाताच्या ज्ञानाने.

येथे सुवर्णभस्माचा विषय निघणारच, म्हणून दोन शब्द. आपल्या रसशास्त्राने सोने मारून त्याचे भस्म केले आणि त्यात अतिसूक्ष्म कण असतात हे आधुनिक परीक्षणांत आढळले आहे. एवढ्यावरून प्राचीनांना अब्जांश तंत्रज्ञान अवगत होते अशी ललकारी देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रोमन काचकाराला जे श्रेय द्यायचे तेच रसवैद्याला द्यावे, म्हणजे रीतीचे. आणि ते श्रेय काही लहान नव्हे. असो.

लाल सोन्याकडे प्रश्न म्हणून पाहिले ते मायकेल फॅरडे यांनी. १८५६ च्या आरंभापासून वर्षभर ते सोन्याच्या पातळ वर्खावर आणि द्रावणांवर प्रयोग करत होते. वयाची पासष्टी आलेली, स्मरणशक्ती दगा देऊ लागलेली. टिपणवहीत तपशील लिहून ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यांनी माणिकरंगी द्रव मिळवला. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तेव्हा झोताची वाट उजळून दिसली, उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसावी तशी. हा विद्राव नव्हे, यात सोने कणरूपानेच तरंगते आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी व्याख्यान दिले. त्यांनी बनवलेल्या द्रवाच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजूनही जपून ठेवल्या आहेत.

त्या व्याख्यानातले एक निरीक्षण या लेखाच्या दृष्टीने मोलाचे आहे. लाल द्रवात थोडे मीठ पडले की तो निळा होई आणि पुढे सोने तळाशी बसे. फॅरडे यांच्या लेखी हा बिघाड होता. भांडी किती स्वच्छ ठेवावीत हे त्यावरून ठरत असे. थोडा सरस घातला की बिघाड टळतो, हेही त्यांनी नोंदवले. मिठाने कण एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेल्या कणांचा रंग सुट्या कणांहून निराळा होतो, हे स्पष्टीकरण पुढच्या पिढ्यांनी दिले. हा निळा बिघाड वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हेल्महोल्ट्झ आणि फॅरडे यांची भेट १८५३ मध्ये लंडनमध्ये झाली होती. फॅरडे यांच्या साधेपणाने हेल्महोल्ट्झ भारावून गेले आणि पत्नीला त्यांनी तसे कळवले. डोळ्यात डोकावणारा आणि सोन्यातून पाहणारा, असे दोघे समोरासमोर बसले होते. पण सोन्याचे प्रयोग अजून तीन वर्षे दूर होते आणि दोन्ही प्रवाह एकत्र यायला दीडशेहून अधिक वर्षे जायची होती. अशा योगायोगांतून अर्थ काढण्याचा मोह आम्ही आवरतो.

फॅरडे यांच्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकांत आहे. रिचर्ड झिगमोंडी यांनी १९०३ च्या सुमारास अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध करून हे कण ठिपक्यांच्या रूपात दाखवले आणि १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये लाल रंगाचे गणित मांडले. सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकदम झुलतात, आणि लहान गोलकांत हे झुलणे ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा गिळला गेला की उरतो तो लाल. १९५१ मध्ये जॉन टर्केविच यांनी सायट्रेट वापरून सुमारे २० नॅनोमीटरचे एकसारखे कण करण्याची सोपी कृती रूढ केली. रक्तातली तांबडी पेशी या कणाच्या जवळजवळ चारशेपट रुंद असते. लाल सोने आपण कधी पाहिले नाही असे कोणी समजू नये. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत, करोनाच्या काळात कितीतरी झटपट तपासणी-पट्ट्यांवर उमटलेली ती तांबडी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांचीच असते. २०२१ च्या वसंतात घरोघर ती रेघ उमटू नये म्हणून देव पाण्यात ठेवले होते, आणि ती सोन्याची आहे हे कोणाच्या गावी नव्हते.

सोन्याने डोळ्यात प्रवेश केला त्याचीही एक अनवधानाची गोष्ट आहे. फ्रान्सच्या जॅक फोरेस्तिए यांनी १९२९ पासून संधिवातावर सोन्याचे क्षार टोचण्याची चिकित्सा प्रचारात आणली, आणि ती पुढे अनेक दशके चालू राहिली. दीर्घकाळ हे उपचार घेतलेल्या रुग्णांच्या पारपटलात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पापुद्र्यात, सोन्याचे सूक्ष्म कण साचलेले नेत्रतज्ज्ञांना दिसू लागले. दृष्टीला त्याने सहसा बाधा येत नसे. डोळा सोने सोसू शकतो एवढा धडा त्यातून मिळाला, पण तेथे ते उपयोगाचे नव्हते. नुसते साचले होते.

उपयोगाला वाट मिळाली ती दोन नव्या पाहण्याच्या रीतींमुळे. पहिली १९९१ ची. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जेम्स फुजिमोतो, त्यांचे विद्यार्थी डेव्हिड ह्वांग आणि सहकारी एरिक स्वॉन्सन प्रभृतींनी प्रकाशाचे प्रतिध्वनी मोजून पडद्याचा उभा छेद चितारला. त्या तंत्राला 'ओसीटी' म्हणतात आणि आज नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या बहुतेकांनी त्याच्या हनुवटीच्या आधारावर हनुवटी टेकलेली असते. तिघांना २०२३ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. दुसरी रीत अधिक विस्मयकारक. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८८० मध्ये आढळले की वेगाने खंडित केलेला प्रकाशझोत पदार्थावर पाडला तर पदार्थातून ध्वनी निघतो. प्रकाश शोषला जातो, पदार्थ कणभर तापून प्रसरण पावतो, आणि त्या धक्क्याचा आवाज होतो. लेझरच्या स्पंदांनी हेच घडवून तो ध्वनी टिपला, तर जे प्रकाश शोषते त्याचे चित्र काढता येते. रक्त प्रकाश चांगला शोषते. म्हणून रक्तवाहिन्या ऐकू येतात.

आता सोन्याचा कण रक्तात सोडावा आणि नव्या वाहिनीला तो चिकटावा, म्हणजे ती अधिक मोठ्याने बोलेल, ही कल्पना सहज सुचते. अडचण रंगाची. सुटा कण हिरवा प्रकाश शोषतो, आणि रक्तातले हिमोग्लोबिनही हिरव्या-पिवळ्या भागातच जोमाने शोषते. लाल रक्तात लाल सोने मिसळले, तर वेगळे कसे कळावे? कोरसगायनात आणखी एकाने तोच स्वर लावावा, तसे ते. सोन्याला या ठिकाणी आपला माणिकरंग सोडणे भाग होते.

एक उपाय कण लांबट करण्याचा. सुवर्णदंडिका वापरून असे प्रयोग झाले. मिशिगन विद्यापीठातील यानिस पॉलस यांच्या गटाने दुसरी वाट धरली. लेझरच्या माऱ्याने शुद्ध सोन्यापासून कण मिळवायचे, आणि त्यांची साखळी गुंफायची. साखळीतले कण एकमेकांच्या निकट आल्यामुळे त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे झुलणे परस्परांत गुंतते आणि शोषणाचे शिखर ५२० वरून ६५० नॅनोमीटरवर, म्हणजे तांबड्या प्रकाशात, सरकते. तांबड्या प्रकाशाला रक्त जवळजवळ मूक असते. तेथे जे बोलेल ते सोने. फॅरडे यांच्या कुपीत मिठाचा खडा पडून जो निळेपणा येई, त्याच्याच मागचे हे तत्त्व आहे. फरक एवढाच की येथे चिकटणे मोजूनमापून केले आणि वेळीच थांबवले.

साखळीला एक खूण बांधली होती. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्ले या क्रमाने जोडली की होणारा तुकडा नव्याने वाढणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीवर मुबलक असलेल्या एका प्रथिनाला ओळखतो. १९८४ मध्ये उमगलेला हा तीन अक्षरांचा शब्द पेशी वाचू शकतात, असे म्हणणे अगदीच रूपकात्मक नाही. जुनी वाहिनी तो शब्द सहसा ऐकत नाही, नवी ऐकते. फ्लोरेसीनला जो प्रश्न विचारता येत नव्हता तो येथे विचारला गेला.

बारा जिवंत सशांवर हे पाहण्यात आले. पडद्यामागे कृत्रिमरीत्या नव्या वाहिन्या वाढवल्या, शिरेतून सोन्याच्या साखळ्या सोडल्या, आणि त्या नेमक्या नव्या वाहिन्यांपाशी जाऊन बसल्या. प्रकाशध्वनीच्या चित्रातला संकेत जास्तीत जास्त सतरापटीपर्यंत आणि ओसीटीतला १७६ टक्क्यांपर्यंत वाढला. प्रकाशध्वनीचे एक त्रिमित चित्र काढायला ६५ सेकंद लागले. ऊतींच्या परीक्षणात साखळ्या सुट्या होत असल्याची चिन्हे दिसली. सुटे लहान कण शरीरातून बाहेर टाकणे सोपे जावे, अशी त्यामागची आशा.

आशा हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. सोने गंजत नाही, झिजत नाही, हा त्याचा सराफकट्ट्यावरचा मोठेपणा शरीरात अडचणीचा ठरतो. फ्लोरेसीन दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. सोन्याचे कण मात्र यकृतात आणि प्लीहेत रेंगाळतात, किती काळ हे त्यांच्या आकारावर आणि वेष्टनावर अवलंबून असते. ज्या रुग्णाला वर्षातून तीन-चारदा तपासणीस यावे लागेल, त्याच्या शरीरात दर खेपेस थोडे सोने ठेवून द्यावे का? माणूस ६५ सेकंद डोळा स्थिर ठेवील का? सशाला भूल दिलेली असते. माणसाच्या नेत्रतपासणीत हे सोने अद्याप नित्याच्या वापरात आलेले नाही, आणि वृत्तपत्रांतील मथळ्यांनी कितीही घाई केली तरी वाचकांनी ती करू नये. दुसरीकडे, वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे आज हाताशी आहेत. ती जितक्या लवकर दिली जातील तितका पीतबिंदू वाचतो. म्हणजे आता गाठ वेळेशी आहे. शिरोरेषा खचण्याआधी, वाहिनी नुकती अंकुरली असतानाच ती दिसली तर काय, हा प्रश्न सरांच्या काळात विचारण्यातच अर्थ नव्हता. दिसूनही फारसे काही करता आले नसते.

सर गेल्यानंतर त्यांचे ग्रंथ आणि कागद लावण्याचे काम आमच्याकडे आले. त्या गठ्ठ्यात, एका पोथीच्या पाठभेदांच्या तक्त्यांमध्ये, रुग्णालयाचा एक मोठा लिफाफा निघाला. त्यात २००० सालच्या त्या तपासणीची कृष्णधवल छायाचित्रे एका कागदावर क्रमाने छापलेली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात सुई टोचल्यापासूनचे सेकंद आहेत. बाराव्या सेकंदाला रोहिणी नुकत्या पांढऱ्या होऊ लागल्या आहेत. विसाव्याला वाहिन्यांचे झाड पूर्ण भरले आहे, आणि मध्यभागी जिथे काळोख असायला हवा तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे काहीतरी उजळले आहे. पाचव्या मिनिटाला ते पसरले आहे, दहाव्या मिनिटाला त्याच्या कडा विरघळल्या आहेत. कागदाच्या मागे सरांच्या अक्षरात, ओळ सोडून तिरके गेलेले, छापखान्याच्या मालकांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आहे, आणि खाली, "यांची क्षमा मागणे."